विजारीला दोषी ठरवले की सेनापती सुटतात: फ्रान्सच्या संग्रहालयांतील लष्करी गणवेश कसे पाहावेत

१.
पॅरिसच्या लष्कर संग्रहालयात छातीवर बांधायचे एक चिलखत ठेवलेले आहे. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर ते फ्राँस्वा-अँत्वान फोव्हो नावाच्या घोडेस्वाराच्या अंगावर होते. त्याच्या छातीकडच्या पत्र्याला तोफगोळ्याने पाडलेले वाटोळे भगदाड आहे. गोळा पाठीकडच्या पत्र्यातूनही आरपार गेला. फोव्हो तेव्हा २३ वर्षांचा होता. सोनेरी गोंडे, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या आणि चकाकणाऱ्या तलवारी यांच्या गर्दीत हे एक भगदाडच इतके बोलके का वाटते, या प्रश्नापासून हा धागा सुरू होतो.

२.
ज्या वास्तूत हे संग्रहालय आहे, तिचा जन्मही जखमांतूनच झाला. १६७० मध्ये चौदाव्या लुईने वृद्ध आणि जायबंदी सैनिकांच्या निवाऱ्यासाठी अँव्हालिद ही इमारत बांधण्याची आज्ञा दिली. १४ जुलै १७८९ रोजी बास्तीवर चालून जाण्यापूर्वी पॅरिसच्या जमावाने हजारो बंदुका लुटल्या त्या येथूनच. १८४० मध्ये सेंट हेलेनाहून आणलेले नेपोलियनचे अवशेष याच परिसरात घुमटाखाली विसावले आहेत. तोफखान्याचे जुने संग्रहालय आणि लष्करी इतिहासाचे संग्रहालय यांचे १९०५ मध्ये एकत्रीकरण होऊन आजची संस्था उभी राहिली. तिच्या संग्रहात सुमारे ५ लाख वस्तू आहेत.

३.
अशा दालनांत गणवेशाकडे शौर्याचा पुरावा म्हणून पाहण्याची रीत जुनी आहे. ती अपुरी आहे आणि काही वेळा दिशाभूल करणारीही आहे, असे या धाग्याचे म्हणणे आहे. गणवेश हे आधी कापड असते. ते कोणीतरी विणले, रंगवले आणि शिवले. त्याचे पैसे कोणीतरी मोजले. ते कोणाच्या तरी अंगावर फाटले. म्हणून काचेसमोर उभे राहणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. हा कपडा टिकला कसा? त्याचा रंग आला कुठून? आणि तो अंगावरून उतरवला कोणी?

४.
पहिला प्रश्न टिकण्याचा. जे फार वापरले गेले नाही, तेच सहसा टिकते. अधिकाऱ्याचा संचलनाचा कोट पेटीत, कापराच्या वड्यांत जपला जातो. पुढे तो वारसांकडे जातो आणि तिथून संग्रहालयात पोहोचतो. साध्या शिपायाचा कोट मात्र पावसात भिजतो, शेकोटीजवळ जळतो, ठिगळांनी जाड होतो आणि शेवटी चिंधी होऊन संपतो. मोहिमेवरचा नेपोलियनचा पायदळी शिपाई चित्रांत दिसतो तसा क्वचितच दिसत असे. उंच शाको टोपीवर मेणकापडाची खोळ, अंगात ढगळ ओव्हरकोट आणि पायांत मिळेल ती सैल विजार, हे त्याचे रोजचे रूप. काचेमागे उभा असतो तो बहुधा परेडच्या दिवशीचा सैनिक.

५.
मोहिमेवरचा शिपाई प्रत्यक्ष भेटला तो पॅरिसपासून फार दूर, लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस येथे. १८१२ च्या डिसेंबरात रशियातून माघार घेणाऱ्या सैन्याचे भुकेले, गारठलेले उरलेसुरले जथे या शहरात पोहोचले आणि तिथेच हजारोंनी प्राण सोडले. २००१ मध्ये बांधकामासाठी खोदकाम सुरू असताना त्यांची सामूहिक दफनभूमी सापडली. ३,००० हून अधिक माणसांचे अवशेष, त्यांच्यासोबत कापडाचे तुकडे आणि रेजिमेंटचे क्रमांक कोरलेली बटणे. काचेमागच्या कोणत्याही संपूर्ण गणवेशापेक्षा या तुकड्यांनी त्या मोहिमेविषयी अधिक सांगितले.

६.
उदाहरणार्थ बटणांची दंतकथा. कडाक्याच्या थंडीत कथिलाचा भुगा होतो. नेपोलियनच्या सैनिकांची बटणे कथिलाची होती. ती रशियात झडून गेली, कोट उघडे पडले आणि सैन्य गारठून मेले. ही गोष्ट समाजमाध्यमांवर दर हिवाळ्यात नव्याने फिरते. विज्ञान आणि इतिहास एका बटणात बसवणारी गोष्ट कोणाला आवडणार नाही? पण सैन्याचा कणा असलेल्या नियमित पायदळाची बटणे पितळी असत. आणि व्हिल्नियसच्या मातीत, मृत सैनिकांच्या सोबत, ती बटणे दोनशे वर्षे शाबूत राहिली होती.

७.
त्याच मातीत संशोधकांना कपड्यांतील उवांचे अवशेषही मिळाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या उवांमध्ये 'ट्रेंच फीव्हर'च्या जंतूंचे डीएनए आढळले. काही सैनिकांच्या दातांत टायफस तापाच्या खुणा सापडल्या. २०२५ च्या आणखी एका अभ्यासात वेगळ्या सैनिकांच्या दातांत पॅराटायफॉइडचे आणि उवांमार्फत पसरणाऱ्या, उलटून येणाऱ्या तापाचे जंतू मिळाले. उवा राहतात कपड्यांच्या शिवणीत. थंडीपासून वाचवणारा, आठवडेच्या आठवडे अंगावरून न उतरलेला कोट हाच मृत्यूचे वाहन ठरला होता. संग्रहालयातल्या स्वच्छ धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कोटाला ही कथा सांगता येत नाही. ती पाहणाऱ्यानेच आठवावी लागते.

८.
दुसरा प्रश्न रंगाचा. क्रांतीनंतरच्या फ्रेंच पायदळाचा गडद निळा कोट नीळ वापरून रंगवला जाई. ही नीळ फ्रान्समध्ये पिकत नव्हती. ती समुद्रापलीकडून येई. तिचा एक मोठा स्रोत होता कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग, म्हणजे आजचे हैती. तिथल्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये ते स्वतंत्र झाले. स्वातंत्र्य, समता, बंधुता या घोषणांचा निळा कोट असा गुलामांच्या श्रमाशी शिवलेला होता.

९.
पुढे ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला आणि नीळ दुर्मीळ झाली. १८०६ मध्ये नेपोलियनने पायदळाला पुन्हा पांढरे कोट देण्याचा आदेश काढला. काही रेजिमेंटना ते मिळालेही. पण १८०७ मध्येच हा प्रयोग गुंडाळावा लागला. आयलाऊच्या बर्फात पांढऱ्या कोटांवर रक्त पाहून सम्राट हेलावला, अशी आख्यायिका सांगितली जाते. त्यानंतर १८११ मध्ये त्याच्या सरकारने निळ्या रंगासाठी पास्तेल या युरोपीय वनस्पतीच्या लागवडीला उत्तेजन दिले. सम्राटाने अर्धा युरोप जिंकला होता, तरी शिपायाच्या कोटाचा रंग ब्रिटिश आरमाराच्या हाती होता.

१०.
लाल विजारीची कथा याहून लांब आहे. १८२९ मध्ये दहाव्या शार्लच्या राजवटीत फ्रेंच पायदळाला 'गारांस' लाल रंगाची विजार मिळाली. गारांस म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पती. तिच्या मुळांपासून हा रंग निघतो. आव्हिन्योंच्या परिसरात तिची मोठी लागवड होती आणि सैन्याच्या मागणीने त्या शेतकऱ्यांना हमखास गिऱ्हाईक मिळाले. रणांगणाच्या दृष्टीनेही तेव्हा हा रंग वेडगळ नव्हता. काळ्या दारूच्या दाट धुरात आपली पलटण कुठे आहे हे सेनापतीला दिसावे, यासाठी भडक रंग उपयोगीच पडत.

११.
मग दोन गोष्टी बदलल्या. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी गारांसमधील रंगद्रव्य, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केले. स्वस्त कृत्रिम रंग बाजारात आला आणि काही वर्षांतच आव्हिन्योंची शेती उजाड झाली. ज्या शेतकऱ्यांच्या हितासाठी विजार लाल झाली, ते गेले. विजार लालच राहिली आणि तिचा रंग जर्मन कारखान्यांतून येऊ लागला. दुसरा बदल खुद्द फ्रान्सने घडवला. १८८४ मध्ये पॉल व्हिएयने धूर न करणारी दारू शोधली आणि १८८६ च्या लेबेल रायफलमध्ये ती वापरात आली. रणांगणावरचा धूर विरला आणि लाल विजार दुरून स्पष्ट दिसू लागली.

१२.
इतर सैन्यांनी धडा घेतला. धुळीच्या रंगाची खाकी १८४० च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, पेशावरच्या बाजूला लष्करात आली. बोअर युद्धाच्या अनुभवानंतर ब्रिटिश सैन्याने ती युद्धाचा नित्याचा वेश म्हणून स्वीकारली. जर्मनीने करडा रंग घेतला. फ्रान्समध्येही १९११ पासून युद्धमंत्री मेसिमी यांनी हिरवट-करड्या गणवेशाचा आग्रह धरला. परंतु संसद आणि वृत्तपत्रे खवळली. लाल विजार म्हणजेच फ्रान्स, अशा अर्थाचे उद्गार माजी युद्धमंत्री एतिएन यांच्या नावावर आजही सांगितले जातात.

१३.
अखेर ९ जुलै १९१४ रोजी नव्या कापडाला मंजुरी मिळाली. त्यात निळे, पांढरे आणि लाल धागे एकत्र विणायचे होते, म्हणजे राष्ट्रध्वजाचे तिन्ही रंग राहतील आणि दुरून कापड मळकट दिसेल. महिनाभरात युद्ध सुरू झाले. लाल रंग शत्रूच्या कारखान्यांत अडकला. लाल धागा वगळून निळा आणि पांढरा एवढेच उरले आणि त्यातून प्रसिद्ध 'क्षितिज-निळा' गणवेश जन्मला. तो मोठ्या प्रमाणावर सैनिकांच्या अंगावर चढेपर्यंत १९१५ उजाडले. तोवर बहुसंख्य पायदळ लाल विजारीतच लढत होते. २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवशी सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मारले गेले. फ्रान्सच्या लष्करी इतिहासातील हा सर्वांत रक्तरंजित दिवस.

१४.
येथेच सावध व्हायला हवे. लाल विजारीमुळे २७,००० मेले, असे वाक्य अगदी सहज तयार होते. पण त्या दिवशी सर्वांत भीषण हानी सोसणाऱ्या तुकड्यांत बेल्जियममधील रोसिन्योल गावापाशी लढलेली तिसरी वसाहती डिव्हिजन होती. मृत, जखमी आणि कैदी मिळून तिचे १०,००० हून अधिक सैनिक गेले. नाव 'वसाहती' असले तरी त्यात बहुतांश फ्रान्समधलेच तरुण होते. आणि त्यांची विजार लाल नव्हती. ती निळसर होती. धुक्यात, पुरेशी टेहळणी न करता, पायदळाचा लांबलचक स्तंभ अरण्यातल्या एका रस्त्यावर ढकलला गेला आणि समोर यंत्रबंदुका होत्या. तिथे विजारीच्या रंगाने काय बदलले असते?

१५.
उलट बाजूचा पुरावाही त्याच वर्षीचा आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी उत्तर फ्रान्समधील नव-शापेल गावावर हिंदी सैन्याने हल्ला चढवला. त्यात ४७ व्या शीख पलटणीच्या बरोबरीने खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स दलाच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या होत्या. पूल बांधणे, खंदक खणणे हे ज्यांचे काम, ते जवान संगिनी लावून घरोघर लढले. त्यांच्या अंगावर खाकी होती. तरीही दोन्ही कंपन्यांची जबर हानी झाली. आज नव-शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. उघड्या मैदानावर यंत्रबंदुकीसमोर माणसे पाठवली की खाकीही त्यांना वाचवत नाही.

१६.
लाल विजार घातक होती, यात वाद नाही. दुरून दिसणारा सैनिक अधिक सहज टिपला जातो. परंतु १९१४ च्या संहाराची मुळे वेगळी होती. कोणत्याही परिस्थितीत चढाई हाच विजयाचा मार्ग, ही युद्धापूर्वी फ्रेंच सेनानींच्या मनावर बसलेली शिकवण, जड तोफांची वानवा, टेहळणीतील ढिलाई. ही कारणे काचेच्या पेटीत ठेवता येत नाहीत. विजार ठेवता येते. म्हणून सारा दोष तिच्यावर जातो. विजारीला दोषी ठरवले की सेनापती सुटतात, आणि पाहणारा एका वेडगळ फॅशनवर हसून पुढच्या दालनाकडे वळतो. देखण्या वस्तूचा हा सर्वांत मोठा धोका आहे.

१७.
त्याच दालनांतली एक कमी देखणी वस्तू अधिक प्रामाणिक आहे. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत फ्रेंच शिपायाच्या डोक्यावर कापडी केपी टोपी होती. डोक्याच्या जखमांचे प्रमाण पाहून १९१५ मध्ये आधी टोपीखाली घालायची पोलादी वाटी आली आणि मग अधिकारी ओग्यूस्त-लुई आद्रियाँ यांच्या नावाचे शिरस्त्राण. त्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास. ते बंदुकीची थेट गोळी अडवू शकत नव्हते, पण वरून पडणाऱ्या तोफगोळ्यांच्या कपच्या बऱ्याच अंशी अडवत असे. चूक कळली, किंमत मोजली गेली आणि मग उपाय झाला, असा सारा क्रम या पातळ पत्र्यात वाचता येतो.

१८.
तिसरा प्रश्न उतरवलेल्या कपड्याचा. १८५७ पासून फ्रान्सने पश्चिम आफ्रिकेत 'तिरायर सेनेगाले' या पलटणी उभारल्या. त्यांची लाल 'शेशिया' टोपी जाहिरातींपासून युद्धस्मारकांपर्यंत सर्वत्र पोहोचली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्सच्या मुक्तीसाठी उतरलेल्या सैन्यात हे आफ्रिकी सैनिक मोठ्या संख्येने होते. पण हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्यापैकी १५ ते २० हजार जणांना आघाडीवरून मागे घेऊन त्यांच्या जागी प्रतिकार चळवळीतले गोरे फ्रेंच तरुण आणले गेले. थंडीचे कारण पुढे करण्यात आले. या प्रक्रियेला नाव मात्र 'गोरे करणे' असेच मिळाले. साहित्याचा तुटवडा होता, म्हणून कित्येक आफ्रिकी सैनिकांना अंगावरचे ओव्हरकोट आणि शिरस्त्राणे नव्या लोकांच्या हवाली करावी लागली.

१९.
त्याच वर्षी १ डिसेंबरला डाकारजवळच्या तियारोय छावणीत, जर्मनांच्या कैदेतून सुटून परतलेल्या आफ्रिकी सैनिकांनी थकलेला पगार मागितला. त्यांच्यावर फ्रेंच सैन्याने गोळ्या झाडल्या. मृतांचा अधिकृत आकडा तेव्हा ३५ सांगितला गेला. इतिहासकार तो मान्य करत नाहीत. हे हत्याकांड होते, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केले ते २०२४ मध्ये. एखाद्या दालनात १९४४ चा ओव्हरकोट दिसला, तर तो आधी कोणाच्या अंगावर होता, हा प्रश्न म्हणूनच अगत्याचा आहे.

२०.
मांडणी बदलली की हे प्रश्न आपोआप सुचतात. सॉमच्या परिसरातील पेरॉन गावी १९९२ मध्ये पहिल्या महायुद्धाचे संग्रहालय उघडले. तिथे गणवेश पुतळ्यांवर उभे केलेले नाहीत. जमिनीत खणलेल्या उथळ, पांढऱ्या चौकोनी खाचांत ते आडवे ठेवले आहेत. फ्रेंच, जर्मन, ब्रिटिश सारेच. पाहणाऱ्याला मान खाली घालूनच पाहावे लागते. अँव्हालिदमधल्या ताठ पुतळ्यासमोर मान वर होते. वस्तू तीच, कापड तेच. परंतु एका ठिकाणी सैन्य दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस नसल्याचे जाणवते.

२१.
याचा अर्थ देखण्या वस्तू झाकून ठेवाव्यात, असा नाही. सालों-द-प्रोव्हाँसच्या लाँपेरी किल्ल्यातील ब्रुनाँ कुटुंबाचा संग्रह पाहिला, की संग्राहकांच्या वेडाचे ऋण मान्य करावेच लागते. एकेक बटण, एकेक गोंडा त्यांनी जपला नसता, तर आजचा अभ्यासक रंग आणि शिलाई यांच्याविषयी केवळ चित्रांवर विसंबून राहिला असता. तरुणांना सैन्याकडे ओढणारे, घाबरलेल्याला ताठ उभे करणारे ते सौंदर्यही इतिहासाचाच भाग आहे. प्रश्न एवढाच, की पाहणारा त्या सौंदर्यापाशी थांबतो की पुढे जातो.

२२.
मराठी इतिहासप्रेमींना तर हा प्रश्न फारच जवळचा आहे. बुसीच्या फ्रेंच कवायतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभारणाऱ्या द ब्वाञ याचे स्मारक त्याच्या शाँबेरी या जन्मगावी १८३८ पासून चार हत्तींच्या कारंज्याच्या रूपाने उभे आहे. पण त्या पलटणींत बंदूक खांद्यावर घेऊन चालणाऱ्या साध्या शिपायाचा अंगरखा कोणत्या कापडाचा होता, तो कोणी शिवला, त्याचे पैसे पगारातून कापले जात का? आपल्या संग्रहालयांत तलवारीच्या मुठीवरचे नक्षीकाम पाहताना हे प्रश्न किती जणांच्या मनात येतात?

२३.
म्हणून पुढच्या वेळी पॅरिस असो, पुणे असो वा सातारा, लष्करी वस्तूंच्या काचेसमोर थोडे अधिक थांबावे. छातीवरची पदके पाहून झाली की कोपराकडे पाहावे: कापड तिथे झिजले आहे का? शिवणीकडे पाहावे: ती पुन्हा घातलेली आहे का? आतल्या अस्तरावर नाव आहे का, आणि असल्यास ते खोडून दुसरे लिहिले आहे का? वस्तूखालच्या पाटीवर सेनापतीचे नाव असेल. शिंप्याचे, रंगाऱ्याचे आणि शिपायाचे बहुधा नसेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम त्या रिकाम्या जागेपासून सुरू होते.